मूठकरी दगडूचे आठ दिवस

ठाण्यात कोपरीच्या बाजूनं खाडीकडे उतरलं की त्या काळी मिठागरांच्या कडेला आगऱ्यांची चाळीसएक घरांची आळी होती. आगगाडी सुरू होऊन पस्तीस वर्षं झाली होती. तिची शिटी आळीत रोज ऐकू यायची, पण गाडीत बसलेली माणसं थोडीच. मीठ मचव्यानं, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीनं, जायचं आणि माणसं पायी.

या आळीत दगडू राहायचा. वय पस्तिशीचं, अंगानं काटक, बोलायची हौस दांडगी. मिठागरातली उघाडी त्याच्या ताब्यात होती. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. भरतीला ते वर ओढून पाणी आत घ्यायचं, हवं तेवढं आलं की खाली सोडायचं. मग ते पाणी एका तळ्यातून दुसऱ्या उथळ तळ्यात, तिथून तिसऱ्यात, असं उन्हात आटवत न्यायचं आणि शेवटच्या कोंड्यात, म्हणजे चौकोनी वाफ्यात, मीठ धरायचं. कुठलं पाणी पुढं सोडण्याजोगं झालं हे सांगायला दगडू त्यात बोट बुडवून जिभेला लावायचा. त्याचा अंदाज चुकत नसे. आपल्याला कळतं, ही खात्री त्याला तिथूनच आली.

आळीची एक जुनी रीत होती. घरातली बाई भातासाठी तांदूळ काढताना त्यातली एक मूठ चुलीजवळच्या गाडग्यात वेगळी टाकायची. घरात कितीही ओढ असली तरी मूठ चुकायची नाही. हाताची मूठ जरा लहान व्हायची, एवढंच. सोमवारी मूठकरी टोपली घेऊन दारोदार जायचा. बाईनं गाडगं टोपलीत उपडं करायचं आणि तेवढा वेळ त्यानं तोंड फिरवायचं. मग गावदेवीच्या ओट्यावर सगळा तांदूळ एकत्र कालवायचा, लाल, पांढरा, जाडा, बारीक, म्हणजे कुणाचा कुठला ते कुणालाच कळू नये. मंगळवारी सकाळी तो ज्यांच्या घरात कमावतं माणूस नाही अशा म्हाताऱ्यांना आणि कायमच्या दुखणाईतांना पोचवायचा. दारात टोपली ठेवायची, "ठेवलंय गो" म्हणायचं आणि निघायचं. घेणाऱ्यानं पाया पडायचं नाही, देणाऱ्यानं विचारायचं नाही.

दगडू लहान असताना त्याची आई दोन वर्षं एका अंगानं लुळी पडून होती. ती दोन वर्षं ही टोपली त्यांच्या दारात येत होती. मोठा झाल्यावर मूठकऱ्याचं काम त्यानं स्वतः मागून घेतलं आणि काळुराम पाटलानं ते दिलं.

मूठ जायची अशी तेव्हा पाच माणसं होती. त्यातल्या दोघी एका खोपटात राहायच्या, कलावती आणि तिची नणंद शकू. शकू ठाकुर्लीला दिलेली, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. कलावतीचा नवरा, म्हणजे शकूचा भाऊ, त्याआधीच गेला होता. दोघींना मूलबाळ नाही. शकूला दमा होता. थंडी पडली की तिला आडवं होता यायचं नाही. मग कलावती तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. तसं टेकून बसलं की शकूला श्वास मिळायचा. दोघी एकमेकींचं तोंड न बघता तासन्‌तास बोलत असायच्या.

कलावतीचं दुखणं पायांचं होतं. चाळीस वर्षं तिनं मिठाच्या पाण्यात उभं राहून लाकडी फावड्यानं मीठ ओढलं होतं. तळव्यांना भेगा, नखं गेलेली, डाव्या टाचेवर एक व्रण, तो तीन वर्षं भरत नव्हता. काम सुटलं ते त्यामुळंच.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर सोमवारी दगडूच्या ध्यानात आलं की टोपली हलकी झालीय. पुढच्या सोमवारी आणखी हलकी. घरी येऊन त्यानं बायकोला, मालनला, विचारलं.

"बाया बोलतान, आमची मूठ रक्तपितीच्या तोंडी जाते," मालन म्हणाली.

"कोन बोलतं?"

"कोन नाय बोलत? कलावतीबायचे पाय बघितलंस काय? विहिरीवर तिच्या कलशीला आता कोनी आपली कलशी लागू देत नाय."

रक्तपिती म्हणजे महारोग, पण दगडूला काळजी पडली ती कलावतीची नव्हे, मुठीची. एका बाईपायी गाडगी रिकामी राहिली तर बाकी चौघांनी काय खायचं? दोन दिवसांनी पाटलानंच त्याला बोलावलं.

"दगडू, तू दवाखान्यात पंधरा दिवस काढलंस. डाक्तर रक्तपिती कशी बघतो ते तूच सांगत फिरतंस. मंग आता बग ना."

हे खरं होतं. मागं एकदा मिठाचं पोतं खांद्यावर पडून दगडू ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात पडून होता. तिथं डॉक्टरानं शेजारच्या एका माणसाला सुई टोचलेली त्यानं पाहिली. माणसाला कळलंच नाही आणि डॉक्टरानं रक्तपिती लिहिली. ही हकिगत दगडूनं आळीत इतक्यांदा सांगितली होती की दर वेळी सुई बोटभर लांब होत गेली होती. पाटलानं विचारलं तेव्हा त्याला बरं वाटलं. नाही म्हणायचं त्याच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बरीच माणसं जमली. कलावती हसत आली.

"काय रं दगडू, डाक्तर झालास? मंग औशद पन दे."

तिनं डावा पाय ओट्याच्या पायरीवर ठेवला आणि कुणाचा तरी नातू रडत होता त्याच्याकडे बघत राहिली. दगडूनं बाभळीचा काटा घेतला आणि टाचेत टोचला. मग आणखी आत दाबला. मग चवड्यावर दुसरा टोचला.

"टोच नां," कलावती म्हणाली. "कवा टोचतंस? मना पानी भरायचं हाय."

तिनं मान वळवली. आधी तिला लोकांची तोंडं दिसली, आणि मग टाचेत अर्धा रुतलेला काटा.

ओट्याभोवती तीसचाळीस माणसं उभी होती. सगळी अनवाणी, सगळी त्याच मिठाच्या पाण्यात उभी राहिलेली. आपला पाय पुढं करून बघावं, असं एकालाही सुचलं नाही. दगडूलाही नाही.

कल्याणला गावाबाहेर, खाडीच्या काठी, रक्तपिती झालेल्यांसाठी तांदळाच्या व्यापाऱ्यांनी एक पडवी बांधून दिली होती. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पोत्यामागे ओंजळभर तांदूळ धर्मासाठी बाजूला पडायचा, तो तिथं जायचा. तिसऱ्या दिवशी कल्याणला जाणाऱ्या मचव्यात कलावतीला बसवायचं ठरलं. ती भांडली नाही. बोचकं बांधताना शकूच भांडली.

"तिला नेतंस तर माजी पाठ कोन धरील?" तिनं दगडूला विचारलं.

"मी बघतो गो."

आणि त्यानं खरंच बघितलं. भाताच्या तुसाची दोन पोती घट्ट शिवून आणली, भिंतीशी एकावर एक रचली आणि शकूला टेकवून दाखवली. "बग, कलापेक्षा बरी. बडबड पन नाय करत." शकू हसली नाही.

पुढच्या सोमवारी टोपली काठोकाठ भरली. त्या महिन्यात पाटलानं दोनदा चारचौघांत दगडूचं नाव घेतलं.

माघात थंडी वाढली आणि शकूचा दमा उसळला. एका बुधवारी दगडू तिच्यासाठी औषध आणायला दवाखान्यात गेला. तिथले कंपाउंडर श्रीपादराव वयस्क गृहस्थ होते, दगडूला ते त्याच्या खांद्यावर पोतं पडलं होतं तेव्हापासून ओळखायचे. बाटलीत औषध ओतता ओतता त्यांनी आळीची खुशाली विचारली. दगडूनं मोठ्या उत्साहानं सांगितलं की तुमच्या डॉक्टरसाहेबांची परीक्षा पाहून मी एक रक्तपितीची बाई ओळखली.

"अस्सं? चट्टा कुठे होता तिला?"

"चट्टा नव्हता. पायाला टोचलं, कललं नाय."

"पायाला कुठे?"

"टाचेला. आनि चवड्यावर."

श्रीपादरावांनी बाटली खाली ठेवली. "काम काय करते ही बाई?"

"आगरात. चालीस वर्सं मीठ ओढलं तिनं."

"तुझा पाय वर घे बघू. या बाकावर ठेव. आणि खिडकीकडे बघ."

दगडूनं पाय वर घेतला आणि खिडकीकडे बघितलं. बाहेर आवारात एक म्हातारा पोटाशी पाय घेऊन उन्हात बसला होता. थोड्या वेळानं दगडू म्हणाला, "बघतोय. पुढं काय करू?"

"खाली बघ आता."

टाचेत टाचणी उभी होती.

"तुला रक्तपिती आहे का?" श्रीपादरावांनी विचारलं. ते रागावलेले नव्हते, नेहमीच्याच आवाजात बोलत होते. "अरे, मिठानं ही कातडी चामड्यासारखी होते. तिथे खिळा मारला तरी कळायचा नाही. डॉक्टर टोचून बघतात ते चट्ट्यावर. हातावर, पाठीवर, जिथे कातडी नाजूक असते तिथे. कानाच्या पाळ्या बघतात, कोपराजवळची शीर चाचपतात. तू त्या दिवशी फक्त सुई पाहिलीस, कुठे टोचली ते पाहिलं नाहीस. कुठे आहे ती बाई?"

"कल्यानला. पडवीत."

"आणि कधीपासून?"

"कार्तिकापासून."

श्रीपादरावांनी बाटलीला बूच लावून ती पुढं केली. "तिला घेऊन ये. साहेबांना दाखवू. तो व्रण बरा होण्यासारखा असेल."

दगडू आळीत आला तेव्हा दुपार होती. कल्याणला आगगाडीनं तासाभरात जाता आलं असतं. तो गेला नाही. औषध शकूच्या दारात ठेवलं आणि उघाडीवर गेला. त्या दिवशी मोठी भरती होती, तो नसता तर पाणी जास्त आत आलं असतं, हे खरं होतं. पण उघाडी ओढायला आणखी दोघंजण होते, हेही खरं होतं.

रात्री जेवताना त्यानं मालनला सांगितलं. ती हातातला घास ताटात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

"मंग उद्या सकाली जा."

"उद्या बांधाचं काम हाय."

"बांध काय पलून जातंय?"

"पाटलाला काय सांगू? आलीतली मानसं मना काय बोलतील?"

"तिला काय बोलले तवा तू नाय इचार केलास," मालन म्हणाली आणि उठली.

शुक्रवारी तो खरोखर निघाला. स्टेशनपर्यंत गेला. कल्याणची गाडी आली, थांबली, गेली. तो कुंपणाबाहेर उभा राहून आकडेमोड करत होता. आता हे कळलं तर लोक मुठीवर विश्वास ठेवतील काय? उद्या दुसऱ्या कुणाला मूठ द्यायची म्हटलं तर दगडूला काय कळतं असं म्हणतील. मूठ मोडली तर चार म्हातारी माणसं उपाशी राहतील. हा विचार त्याला पटला, कारण त्यात दुसऱ्यांची काळजी होती. परत येताना वाटेत त्यानं खाली बसून दोन्ही तळवे बघितले. ते कलावतीच्या पायांसारखेच होते, फक्त तीस वर्षांनी तरुण.

सोमवारी तो टोपली घेऊन फिरला. एका दारात एक लेकुरवाळी बाई गाडगं उपडं करताना म्हणाली, "तुज्यामुलं आमची पोरं वाचली रं." त्यानं रिवाजाप्रमाणं तोंड फिरवलेलंच होतं.

मंगळवारी शकूच्या दारात टोपली ठेवून "ठेवलंय गो" म्हणून तो वळला, तोच तिनं आतून हाक मारली. अशी हाक मारायची रीत नव्हती.

"दगडू, कला कशी हाय रं? कोन जातंय तिकरं?"

ती पोत्याला टेकून बसली होती. दर दोन शब्दांनी थांबत होती. दगडूच्या तोंडातून निघून गेलं, "उद्या आनतो तिला."

"आनतंस? बरी झाली ती?"

"होय. बरी झाली."

तो अंगण ओलांडेपर्यंत शकूनं झाडू हातात घेतला होता.

बुधवारी तो गेला नाही. त्या दिवशी मीठ काढायची घाई होती, शिलोत्र्याचा, म्हणजे आगराच्या मालकाचा, माणूस बघायला येणार होता. गुरुवारी नक्की, असं त्यानं मालनला सांगितलं. गुरुवारी सकाळी तो निघायच्या तयारीत असतानाच शेजारीण धावत आली. शकू पोत्यांना टेकून बसल्या जागी गेली होती. तिचं तोंड दाराकडे होतं. खोपट सारवलेलं होतं आणि चुलीपाशी दोन ताटं मांडलेली होती.

दोन ताटांचं कारण आळीत कुणालाच कळेना. दगडूला ठाऊक होतं. तिला खांदा देताना तो पुढच्या बाजूला होता.

सगळं आटपून माणसं पाटलाच्या अंगणात टेकली. दगडू उभा राहिला. त्याच्या हातात काटा होता. त्यानं पाय वर घेतला आणि काटा आपल्या टाचेत पार रुतवला.

"मना कलत नाय," तो म्हणाला. "मना पन रक्तपिती हाय बोला. पाटील, तुमचा पाय द्या."

"खूल लागलं काय याला?" कुणीतरी म्हणालं. पण पाटलानं पाय पुढं केला. त्यालाही कळलं नाही. मग शेजारच्याला टोचला, त्याच्या पलीकडच्याला. एकाला जरासं कळलं, तर दुसरा म्हणाला, "याची चामडी कवली हाय, कामचोर." दोघंतिघं हसले. मग कुणाच्या तरी मनात हिशेब जुळला असावा, हसू बंद झालं.

पाटलानं विचारलं, "तुला हे कवा कललं?"

आज, असं म्हणता आलं असतं. कुणी तपासायला जाणार नव्हतं.

"मागच्या बुधवारी," दगडू म्हणाला. "आठ दिवस झाले. दवाखान्यात सांगितलं. मी गप बसलो."

पाटलाचा राग त्याच्या तोंडावर दिसत होता, पण तो सगळा दगडूवर नव्हता.

"टोपली आजपासून ओट्यावर ठेव," तो शेवटी म्हणाला. "आनि जा. घेऊन ये तिला."

"आता आनून काय करता?" मागून एक म्हातारी म्हणाली. "तीन महिने त्यांच्यात राहिली."

"खोपट तिचं हाय," पाटील म्हणाला. म्हातारीला कुणी गप केलं नाही, आणि पाटलाला कुणी होकारही दिला नाही.

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं दगडू कल्याणला उतरला. तलावाच्या बाजूनं, भाताच्या गाड्या चुकवत, विचारत विचारत खाडीकाठी पोचला. पडवी लांबूनच दिसली. बाहेर तीन दगडांच्या चुलीवर मोठं भगुणं होतं आणि पुढ्यात पाय पसरून कलावती बसली होती. पायांना स्वच्छ चिंध्या गुंडाळलेल्या. भोवती दहाअकरा माणसं उन्हाला बसली होती. कुणाची बोटं गेलेली, कुणाचं नाक बसलेलं.

तिनं त्याला ओळखलं. "आलास? शकूनं धाडलं?"

"तुला न्यायला आलोय. तुला रक्तपिती नाय गो. दवाखान्यात सांगितलं. मिठाचे पाय असेच असतान."

ती भगुण्यातला भात ढवळत राहिली. "मना वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "पन काटा खरंच नाय कलला मना. तुमी सगले एक बोलत व्हतात. म्हटलं, असंल बी."

चुलीजवळ धोंडीबा नावाचा देशावरचा एक म्हातारा बसला होता. त्यानं दगडूला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आमच्या सुगरणीला नेतोस व्हय? मग उद्याच्याला तूच ये भात घालाया."

"आदी कोन घालायचा?"

"कोन घालनार? हे बघ." त्यानं दोन्ही हात पुढं केले. ते मनगटापुढं मुठींसारखे राहिले होते. "तांदूळ लई येतो, बाबा. व्यापारी दर शुक्रवारी उंबऱ्यावर वतून जात्यात, भली मानसं हायेत. पर कच्चा तांदूळ या हातानं धुवायचा कसा, वैरायचा कसा, ते कुनी इचारलं न्हाई. जळायचे हात आनि कळायचंबी न्हाई. ही आली तवापास्नं शिजलेलं खातोय."

कलावतीनं भात सगळ्यांना वाढला, मगच बोचकं बांधलं. त्यात तिनं वाळवलेल्या अडुळशाच्या पानांची एक पुडी वर ठेवली. "शकूला," ती म्हणाली. "हितं कुंपनाला मायंदाळ हाय. धोंडीबानं दावलं."

"मायंदाळ" हा शब्द तिनं धोंडीबाकडून उचलला होता. शकू गेल्याचं मचव्यात बसल्यावर सांगू, असं दगडूनं ठरवलं.

तिचे ते चिंध्या बांधलेले पाय बघून आगगाडीत कुणी बसू दिलं नसतं. ओहोटीबरोबर ठाण्याकडे निघालेल्या एका मचव्यात तांड्यालानं, म्हणजे मचवा हाकणाऱ्यानं, त्यांना जागा दिली. कलावती वाटभर बोलत होती. शकूचं औषध बदललं काय, पोत्यातलं तूस दर महिन्याला बदलायला पाहिजे, खोपटाची मागची कूड पावसाआधी सारवायला पाहिजे. दगडू हं हं करत होता. डोंबिवलीच्या पुढं काठाशी ओहोटीचं पाणी सरलं. आता भरती चढून पुन्हा उतरेपर्यंत मचवा काठाला लावायचा होता. तांड्याल चिलीम ओढायला उतरला.

"शकू दारात बसली असंल," कलावती म्हणाली. "तिला सांगितलंस नां मी येते ते?"

"सांगितलं," दगडू म्हणाला. आणि मग त्याला पुढं ढकलता येईना. शकू काल गेली, हे त्यानं सांगितलं. आठ दिवसांचंही सांगितलं, स्टेशनावरून परत फिरलो तेही. मंगळवारी "उद्या आनतो" म्हणालो आणि बुधवारी गेलो नाही, तेही. शेवटी दोन ताटांचं सांगितलं.

कलावती ऐकत होती.

"शेवटाला कशाला टेकली व्हती?"

"पोत्यांना."

"पोतं खाली सरकतं," ती म्हणाली. "मानूस टेकलं की पोतं सरकतं. त्याला सारखं वर घ्यायला लागतं."

मग ती बराच वेळ खाडीकडे बघत बसली. दगडू तिच्या पायांकडे बघत होता. पाणी हळूहळू चिखलावर चढायला लागलं. भरती लागली होती, आणि दिवा गावाकडून कल्याणला जाणारे मचवे शिडं उभारून येत होते.

कलावतीनं तांड्यालाला हाक मारली. "त्या मचव्याला थांबव रं. मना परत जायचं हाय."

"परत कुठं?" दगडू म्हणाला. "खोपट तुजं हाय. पाटलानं सांगितलंय. मूठ हाय, कोनी बंद नाय करनार."

"मूठ तू दारात ठेवून जाशील. मंग दिवसभर मी करू काय त्या खोपटात? कोनाशी बोलू? विहिरीवर माजी कलशी पुन्ना बाजूला ठेवतील त्या." ती बोचकं जवळ ओढत होती. "तिकरं अकरा जनं हायत. माजे पाय गेले, हात हायत. त्यांना सांजेचा भात कोन घालील?"

"मना काय तरी बोल. शिवी दे."

"शिवी देऊन मना काय मिलंल?"

दुसरा मचवा आडवा आला. दगडूनं तिला उचलून पलीकडे दिलं. तिचं वजन मिठाच्या अर्ध्या पोत्याइतकंही नव्हतं. ती शिडाच्या सावलीत पाठ करून बसली, आणि मचवा वळणाआड जाईपर्यंत तिनं मागं बघितलं नाही.

दगडू आळीत एकटाच परतला. पाटलानं टोपली त्याला परत दिली नाही, ती मालनकडे दिली. पण दर महिन्याला कल्याणला एक पोतं पाठवायचं ठरलं आणि ते न्यायला दगडूनं स्वतःचं नाव पुढं केलं. त्यासाठी दारोदार फिरून, रीत मोडून, त्यानं प्रत्येक घरी तोंड समोर ठेवून सांगितलं की हा तांदूळ कुणाला जाणार आणि कशापायी. काही बायांनी गाडगं उपडं केलं. काहींनी दार लावून घेतलं.

चैत्रात तो पहिलं पोतं घेऊन पडवीशी पोचला तेव्हा कलावती चुलीपुढंच होती. पायाला दवाखान्यातला मलम लावलेला होता. श्रीपादरावांनी तो मागं दगडूकडे दिला होता आणि त्यानं तो मचवेवाल्याबरोबर पुढं धाडला होता. तिनं पोत्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. धोंडीबा काहीतरी थट्टेनं बोलायला गेला, पण तिचं तोंड बघून गप्प झाला.

"तांदूल आत ठेव, वलीला नको," ती म्हणाली. "आनि लाकरं जाडी हायत. ती फोरून ठेव."

दगडूनं कुऱ्हाड घेतली. त्या दिवसाची परतीची ओहोटी त्यानं जाऊ दिली. तो संध्याकाळपर्यंत लाकडं फोडत राहिला, आणि ती त्याच्याशी आणखी एक शब्दही बोलली नाही.